आउटबोर्ड इंजिनाच्या प्रज्वलन यंत्रणेतील दोषनिदान : एक पद्धतशीर विवेचन

सारांश

किनारपट्टीवरील लहान होड्यांना लावले जाणारे आउटबोर्ड इंजिन समुद्रात अचानक बंद पडण्यामागे अनेकदा प्रज्वलन यंत्रणेतील दोष असतो. असा दोष शोधताना एकामागून एक सुटे भाग बदलून पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. ती खर्चिक आहे आणि बऱ्याचदा खरे कारण दडवून ठेवते. प्रस्तुत लेखात मॅग्नेटोवर चालणाऱ्या धारित्र-विसर्जन प्रज्वलनाचे, म्हणजेच प्रचलित भाषेत सीडीआय यंत्रणेचे, कार्य भौतिकशास्त्राच्या मूलभूत नियमांच्या आधारे स्पष्ट केले असून दोषनिदानाचा क्रम व प्रत्येक चाचणीची मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : आउटबोर्ड इंजिन, प्रज्वलन, सीडीआय, मॅग्नेटो, दोषनिदान, निरसन पद्धती.

१. प्रस्तावना

कोकणातील खाड्यांमध्ये व किनाऱ्यालगतच्या समुद्रात मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांच्या पाठीमागे बाहेरून बसविलेले इंजिन आज नित्याचे झाले आहे. यालाच आउटबोर्ड किंवा ओबीएम असे म्हटले जाते. रस्त्यावर मोटारसायकल बंद पडली तर ती बाजूला उभी करता येते. खाडीच्या मुखाशी, लाटा फुटत असलेल्या उथळ जागी, इंजिन बंद पडले तर होडी प्रवाहाच्या व वाऱ्याच्या स्वाधीन होते. म्हणून इंजिन का बंद पडले हे ओळखण्याच्या कौशल्याला येथे उपजीविकेइतकेच जीविताच्या सुरक्षिततेचेही मूल्य आहे.

इंजिन चालण्यास योग्य प्रमाणातील इंधन-हवेचे मिश्रण, पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी सशक्त ठिणगी या तीन गोष्टी लागतात. यांपैकी ठिणगी ही सर्वांत गूढ वाटते. इंधन डोळ्यांना दिसते, दाब हाताला जाणवतो. विद्युत मात्र दिसत नाही. या अदृश्यतेमुळेच प्रज्वलन यंत्रणेच्या बाबतीत तर्कापेक्षा अंदाजाला अधिक वाव मिळतो. लेखाची व्याप्ती दोरी ओढून सुरू होणाऱ्या, दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक इंजिनापुरती मर्यादित ठेवली आहे. बॅटरीवर अवलंबून असणाऱ्या, संगणकीय नियंत्रणाच्या आधुनिक फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी तपशील वेगळे असले, तरी विचारपद्धती बहुतांशी तीच राहते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये विद्युत चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे कुंतलात विभवांतर निर्माण होते, हे त्यातील मूलतत्त्व होय. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च विभवाचा मॅग्नेटो विकसित केला आणि बॅटरीशिवाय भरवशाची ठिणगी मिळू लागली. नॉर्वेत जन्मलेले व अमेरिकेत स्थायिक झालेले ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथे आपले आउटबोर्ड इंजिन बाजारात आणले. त्यानंतरची अनेक दशके या इंजिनांत प्लॅटिनम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे संपर्कबिंदू, वापरले जात होते. हे बिंदू झिजत, त्यांवर काजळी धरे व खाऱ्या हवेने ते गंजत. १९५७ मध्ये थायरिस्टर हे अर्धवाहक उपकरण उपलब्ध झाले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपर्कबिंदूंची जागा क्रमाने सीडीआय यंत्रणेने घेतली. झिजणारा भाग गेला. परंतु त्याबरोबरच डोळ्यांनी पाहून व कानशीने घासून दुरुस्त करता येण्याची सोयही गेली. आजच्या निदानातील अडचणीचे मूळ येथे आहे.

३. यंत्रणेची रचना व कार्य

इंजिनाच्या माथ्यावरील फ्लायव्हीलच्या आतील कडेला स्थायी चुंबक बसविलेले असतात. फ्लायव्हील फिरू लागले की हे चुंबक त्याखालील दोन प्रकारच्या कॉइलवरून जातात. पहिली चार्ज कॉइल होय. तिच्यात बारीक तारेचे पुष्कळ वेढे असून तिच्यातून निर्माण होणारे प्रत्यावर्ती विभवांतर सीडीआय पेटीतील डायोडमार्फत एकदिश होते व धारित्रात साठविले जाते. दुसरी ट्रिगर किंवा पल्सर कॉइल होय. ती ठिणगी पडण्याच्या नेमक्या क्षणी काही व्होल्टचा लहानसा स्पंद देते. या स्पंदाने थायरिस्टरचे द्वार उघडते आणि धारित्रातील सर्व ऊर्जा इग्निशन कॉइलच्या प्राथमिक वेढ्यांतून क्षणार्धात वाहून जाते. द्वितीयक वेढ्यांत त्यामुळे हजारो व्होल्टचे विभवांतर निर्माण होऊन ते जाड आवरणाच्या तारेतून स्पार्क प्लगपर्यंत पोहोचते.

यातील ऊर्जेचा हिशेब उद्बोधक आहे. १ मायक्रोफॅरड धारित्र ३०० व्होल्टपर्यंत भारित झाले, तर त्यातील ऊर्जा धारिता व विभवांतराचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे ०.०४५ ज्यूल भरते. विभवांतर निम्मे, म्हणजे १५० व्होल्ट झाले, तर ऊर्जा निम्मी न राहता चौथ्या हिश्श्यावर, ०.०११ ज्यूलवर येते. चार्ज कॉइल किंचित दुर्बळ झाली तरी ठिणगी फार क्षीण का होते, याचे उत्तर या वर्गाच्या संबंधात आहे. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर टू-स्ट्रोक इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला सुमारे ८३ ठिणग्या लागतात आणि दोन ठिणग्यांमध्ये १२ मिलिसेकंदांचाच अवधी मिळतो.

या यंत्रणेतील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे इंजिन बंद करण्याचा परिपथ. घरातील दिव्याचे बटण बंद केले की परिपथ तुटतो. मॅग्नेटो प्रज्वलनात याच्या नेमके उलट घडते. बंद करण्याचे बटण दाबले, किंवा चालकाच्या मनगटाला बांधलेल्या सुरक्षादोरीची चिमटी निघाली, की सीडीआयची एक तार इंजिनाच्या धातूशी जोडली जाते व धारित्र भारितच होत नाही. म्हणजेच बटणाची तार तुटली तर इंजिन चालूच राहते. उलट तिचे आवरण घासून ती धातूला टेकली, किंवा बटणात खारे पाणी शिरले, तर इतर सर्व भाग उत्तम असूनही ठिणगी नाहीशी होते.

४. निदानापूर्वीची दक्षता

ठिणगीची चाचणी आणि पेट्रोलची वाफ यांचा संयोग धोक्याचा असतो. चाचणीची ठिणगी प्लगच्या उघड्या भोकापासून दूर पडेल अशी व्यवस्था करावी. गिअर न्यूट्रलमध्ये असावा. उच्च विभवाची तार हातात धरू नये. तसेच ती अधांतरी सोडून इंजिन फिरवू नये, कारण ऊर्जेला वाट न मिळाल्यास कॉइलचे आवरण किंवा सीडीआय पेटी निकामी होऊ शकते. इंजिन जमिनीवर चालवून पाहायचे असल्यास थंड करणाऱ्या पाण्याचा पुरवठा आधी जोडावा. अन्यथा पाणपंपातील रबरी चक्र थोड्याच वेळात खराब होते.

५. दोष प्रज्वलनाचाच आहे काय?

प्रथम हा प्रश्न सोडविणे आवश्यक आहे. इंधन अपुरे पडून बंद होणारे इंजिन सहसा अडखळत, दम तोडत थांबते. अशा वेळी इंधननळीवरील रबरी फुगा दाबला असता ते क्षणभर सावरले, तर संशय इंधनाकडे वळवावा. प्रज्वलन तुटल्यामुळे बंद होणारे इंजिन बहुधा बटण दाबल्यासारखे एकदम थांबते. हा नियम अचूक नाही; परंतु प्रारंभीची दिशा ठरविण्यास तो पुरेसा आहे.

त्यानंतर दोन्ही प्लग काढून त्यांचे निरीक्षण करावे व कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा याची खूण ठेवावी. टोक इंधनाने ओले असेल तर इंधन पोहोचत आहे, पण पेटत नाही. टोक कोरडे असेल तर इंधनच पोहोचत नसण्याची शक्यता अधिक. टोकावर पाण्याचे थेंब दिसल्यास इंधनातील पाणी किंवा गळणारे गॅस्केट यांचा विचार करावा. केरळच्या किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या केरोसीनच्या आउटबोर्ड इंजिनांत प्लगवर काजळी अधिक धरते, हेही येथे लक्षात घ्यावे.

६. ठिणगीची चाचणी व तिचा अर्थ

प्लग तारेला जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवून दोरी ओढणे व ठिणगी दिसते का ते पाहणे, ही सर्वत्र रूढ असलेली चाचणी अपुरी आहे. फ्रीड्रिख पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे वायूत ठिणगी पडण्यास लागणारे विभवांतर वायूचा दाब व दोन टोकांतील अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. मोकळ्या हवेत प्लगच्या १ मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत सहज पडणारी ठिणगी सिलिंडरमधील वाढलेल्या दाबाखाली पडेलच, असे नाही. म्हणून फट कमी-जास्त करता येणारा ठिणगी-परीक्षक वापरावा. सेवा-पुस्तिकांत यासाठी फटीचे माप दिलेले असते; अनेक सीडीआय इंजिनांसाठी ते १० ते १२ मिलिमीटरच्या घरात आढळते. एवढ्या फटीतून निळसर, ठसठशीत व अखंड ठिणगी उडत असेल, तर यंत्रणा निदान थंड स्थितीत सक्षम आहे, असे मानण्यास हरकत नाही.

या चाचणीतून तीन शक्यता समोर येतात.

(अ) दोन्ही सिलिंडरना ठिणगी नाही : दोष दोन्हींना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे बंद करण्याचा परिपथ, चार्ज कॉइल, सीडीआय पेटी किंवा तिचा धातूशी असलेला जोड, येथे शोधावा. दोन स्वतंत्र इग्निशन कॉइल एकाच क्षणी निकामी होणे अत्यंत असंभाव्य आहे.

(आ) एकाच सिलिंडरला ठिणगी नाही : सामाईक भाग निर्दोष असण्याची शक्यता मोठी असते. दोष प्लग, प्लगची टोपी, उच्च विभवाची तार, त्या बाजूची इग्निशन कॉइल, ट्रिगरची तार किंवा पेटीतील त्या बाजूचा परिपथ येथे असतो.

(इ) दोन्हींना सशक्त ठिणगी आहे, तरी इंजिन सुरू होत नाही : येथे ठिणगीच्या वेळेचा विचार करावा. फ्लायव्हील दंडावर नेमक्या जागी धरून ठेवणारी अर्धचंद्राकृती चावी तुटली किंवा सरकली, तर ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांना १ अंशाचा प्रवास सेकंदाच्या ३०,००० व्या भागात होतो. यावरून वेळेच्या अचूकतेची कल्पना यावी. दोरीला उलटा झटका बसणे, कार्ब्युरेटरमधून भडका येणे ही याची लक्षणे होत. फ्लायव्हीलचा नट सैल राहिल्याने हा दोष पुष्कळदा उद्भवतो.

७. निरसनाचा क्रम

दोन्ही बाजूंची ठिणगी गेली असल्यास पहिली कृती बिनखर्चाची आहे. सुरक्षादोरीची चिमटी जागेवर असल्याची खात्री करावी. त्यानंतर बंद करण्याच्या परिपथाची तार सीडीआयपासून सोडवून तिचे टोक सुरक्षित ठेवावे व पुन्हा चाचणी करावी. ठिणगी परतली तर पेटी व कॉइल निर्दोष असून दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे, हे एका मिनिटात सिद्ध होते. ही तार सोडविलेली असताना इंजिन सुरू झाले, तर ते बटणाने अथवा सुरक्षादोरीने बंद होणार नाही. चोक ओढून ते थांबवावे लागते. चालक पाण्यात पडल्यास इंजिन थांबविणारी एकमेव व्यवस्था हीच असल्याने, तार कायमची सोडून होडी चालविणे कदापि समर्थनीय नाही.

दुसरी कृती जोडांची पाहणी होय. खाऱ्या हवेत तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो व तो आवरणाच्या आतही पसरत जातो. पेटीचा काळा किंवा धातूशी जोडलेला टोक-जोड काढून, घासून, घट्ट बसवावा. पावसाळ्यात महिनोन् महिने पडून राहिलेल्या इंजिनात केवळ एवढ्यानेच ठिणगी परत येण्याची शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

एकाच बाजूची ठिणगी गेली असल्यास अदलाबदलीची चाचणी उपयोगी पडते. प्रथम फक्त प्लग, नंतर फक्त इग्निशन कॉइलची जोडणी डावी-उजवीकडे बदलावी. दोष भागाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो भाग सदोष. दोष जागेवरच राहिला तर तो त्या भागाच्या आधीच्या टप्प्यात आहे. एका वेळी एकच घटक बदलणे हे नियंत्रित प्रयोगाचे सूत्र येथे काटेकोरपणे पाळावे लागते. काही इंजिनांत दोन तोंडांची एकच सामाईक कॉइल असते. तेथे कॉइलची अदलाबदल शक्य नसल्याने प्लग, टोपी व तार यांवर भर द्यावा.

८. रोधमापन व त्याच्या मर्यादा

यानंतर मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. इग्निशन कॉइलच्या प्राथमिक वेढ्यांचा रोध सामान्यतः एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी, द्वितीयक वेढ्यांचा काही हजार ओहम, तर चार्ज कॉइलचा बहुधा काही शे ओहम असतो. नेमके आकडे त्या त्या इंजिनाच्या सेवा-पुस्तिकेतूनच घ्यावेत. रोध अनंत आल्यास तार तुटलेली आहे. तसेच ज्या कॉइलची दोन्ही टोके धातूपासून अलग ठेवलेली असतात, तिचे एखादे टोक व इंजिनाचा धातू यांच्यामध्ये मार्ग आढळल्यास आवरण फुटले आहे, हे निश्चित होते.

परंतु आकडा पुस्तिकेशी जुळला, म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. याची तीन कारणे आहेत. पहिले, तापमान. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ४०० ओहम असणारी निर्दोष कॉइल ८० अंशांना सुमारे ४९४ ओहम दाखवील. तेव्हा तापलेल्या इंजिनातील वाढीव आकडा हा दोषच असेल असे नाही आणि थंड इंजिनातील योग्य आकडा हे निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नाही. दुसरे, मीटर फार अल्प विभवावर मोजमाप करतो. ३०० व्होल्टला फुटणारे आवरण त्याला अखंडच दिसते. तिसरे, २,००० वेढ्यांपैकी ४० वेढे एकमेकांना चिकटले तर रोध जेमतेम २ टक्क्यांनी बदलतो. मात्र हे चिकटलेले वेढे बंद वलयाप्रमाणे वागून निर्माण होणारी ऊर्जा गिळतात.

म्हणून चालत्या स्थितीतील शिखर विभवांतर मोजणे अधिक विश्वसनीय ठरते. साधा मीटर हे क्षणिक स्पंद नीट मोजू शकत नाही. त्यासाठी शिखरमूल्य पकडणारे जोडउपकरण लावावे लागते. दोन्ही प्लग काढून दोरी जोरात ओढावी, म्हणजे फेऱ्यांचा वेग पुरेसा मिळतो. चार्ज कॉइल पेटीपासून अलग असताना विभवांतर योग्य व जोडल्यावर कमी येत असेल, तर पेटी किंवा बंद करण्याचा परिपथ विद्युत खात आहे. दोन्ही वेळा कमी आले तर दोष कॉइलमध्ये, क्वचित दुर्बळ झालेल्या चुंबकात आहे. चार्ज व ट्रिगर या दोन्ही कॉइल योग्य स्पंद देत असून, जोड व बंद करण्याचा परिपथ निर्दोष असूनही पेटीतून इग्निशन कॉइलकडे काहीच जात नसेल, तेव्हाच सीडीआय पेटीला दोषी ठरवावे. ही पेटी राळेत बंद केलेली असल्याने तिची थेट तपासणी साध्या साधनांनी होत नाही. नेमक्या याच कारणाने तिच्यावर पहिला आरोप केला जातो. तर्काच्या दृष्टीने मात्र तिचा क्रम शेवटचा आहे.

९. तापल्यावर उद्भवणारा दोष : एक नमुना

समजा, एक होडी पहाटे सहज सुरू झाली. वीस मिनिटांनी, खाडीचे मुख ओलांडल्यावर, इंजिन एकदम थांबले. अर्ध्या तासाने ते पुन्हा सुरू झाले व परतीच्या वाटेवर पुन्हा थांबले. धक्क्यावर तपासले असता ठिणगी उत्तम, रोध योग्य. मालकाला ‘काही दोष नाही’ असे सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग ओढवतो.

येथे एकदम थांबणे हे प्रज्वलनाकडे, दोन्ही सिलिंडर एकाच वेळी जाणे हे सामाईक भागाकडे, तर निवल्यावर सुरू होणे हे तापमानाकडे निर्देश करते. तापल्यावर प्रसरणाने कॉइलमधील तुटका धागा सुटतो व निवल्यावर पुन्हा टेकतो. अशा इंजिनाची चाचणी ते बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच केली पाहिजे. बंद करण्याची तार सोडवूनही ठिणगी न आल्यास त्याच वेळी चार्ज कॉइलचा रोध मोजावा. थंडपणी योग्य असलेला आकडा आता अनंत आला, तर निदान पूर्ण झाले. तो ठीक आल्यास गरम स्थितीतच शिखर विभवांतर पाहावे. काही इंजिनांत अतितापाच्या वेळी वेग मर्यादित करण्यासाठी प्रज्वलन हेतुपुरस्सर खंडित केले जाते. त्यामुळे थंड करणारे पाणी वाहत आहे की नाही, हेही तपासावे. संरक्षक व्यवस्थेलाच दोष समजून ती काढून टाकण्याची चूक महागात पडते.

समुद्रात असताना या विवेचनातील फार थोडे आचरणात येते. तेथील क्रम वेगळा आहे : आधी नांगर, मग निदान. होडी स्थिर झाल्यावर सुरक्षादोरी, इंधनाचा फुगा व प्लग एवढेच पाहावे. कोरड्या डब्यात ठेवलेले दोन नवे प्लग, प्लगचा पाना आणि वल्ही ही सामग्री प्रत्येक होडीत असणे अगत्याचे आहे.

१०. शैक्षणिक महत्त्व

विद्युत चुंबकीय प्रवर्तन, धारित्रातील ऊर्जा, रोधाचे तापमानाशी असलेले नाते आणि पाशेनचा नियम हे सर्व विषय पदवी स्तरावर शिकविले जातात. मात्र ते परस्परांपासून सुटे राहतात. एक जुने आउटबोर्ड इंजिन प्रयोगशाळेत आणले, तर हे चारही विषय एकाच यंत्रात दाखविता येतात. तर्कशास्त्राच्या अध्यापकालाही येथे निरसन पद्धतीचे जिवंत उदाहरण मिळते. किनारपट्टीवरील महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी असे इंजिन आहे, त्यांच्या दृष्टीने पाठ्यपुस्तक व धक्का यांतील अंतर यामुळे कमी होऊ शकेल.

११. निष्कर्ष

१) प्रज्वलनातील दोषनिदानाची सुरुवात ठिणगी किती सिलिंडरना नाही, या प्रश्नापासून करावी; त्या एका उत्तराने निम्मे भाग संशयातून वगळता येतात.

२) बंद करण्याच्या परिपथाची चाचणी बिनखर्चाची व निर्णायक असल्याने ती सर्वप्रथम करावी.

३) रोधमापनाने दोष सिद्ध होऊ शकतो, निर्दोषत्व सिद्ध होत नाही.

४) तापल्यावर उद्भवणाऱ्या दोषाची चाचणी तापलेल्या स्थितीतच करावी.

५) सीडीआय पेटी ही तिच्या आधीचे सर्व घटक तपासून झाल्यावरच बदलावी.

सुटे भाग बदलत राहिल्याने इंजिन कदाचित सुरू होईल. पण ते का बंद पडले होते हे कळणार नाही, आणि कारण न कळलेला दोष पुन्हा कोठे व केव्हा उद्भवेल, हे कोणालाही सांगता येणार नाही. खाडीच्या मुखाशी त्याच इंजिनाच्या भरवशावर होडी नेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.